लस पीतज्वराची, साथ काविळीची

१९४२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कॅलिफोर्निया आणि लुइझियानातल्या अमेरिकी लष्करी छावण्यांच्या दवाखान्यांत पिवळ्या डोळ्यांचे जवान येऊ लागले. भूक मेलेली, मळमळ, अंगात कणकण, लघवी गडद चहासारखी. छावणीत कावीळ होणं हे काही नवल नाही, लढाई आणि कावीळ यांची जोडी जुनी आहे. पण ही कावीळ नेहमीच्या चालीने चालत नव्हती. एका तुकडीत दवाखान्यापुढे रांग, तर शेजारच्या तुकडीत जवळजवळ कोणीच आजारी नाही. आजाऱ्याच्या बाजूच्या खाटेवरचा माणूस ठणठणीत. छावणीबाहेरच्या गावातही काही नाही. दूषित पाण्याची किंवा बिघडलेल्या अन्नाची साथ अशी माणसं निवडून घेत नाही.

आजारी पडलेल्यांत एक गोष्ट समान निघाली. सगळ्यांना दोन ते पाच महिन्यांपूर्वी पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची लस टोचली होती.

पीतज्वरातही डोळे पिवळे होतात, नावच त्यावरून पडलंय. त्यामुळे लशीनेच पीतज्वर दिला की काय, ही शंका पहिल्यांदा कोणाच्याही मनात येईल. ती लगेच बाजूला ठेवता येत होती. पीतज्वराचा विषाणू अंगात शिरला की तीन ते सहा दिवसांत ताप चढतो, तो तीन महिने दबा धरून बसत नाही. लशीतला पीतज्वराचा विषाणू निर्दोष होता. दोषी होतं ते त्याच्यासोबत कुपीत बसलेलं दुसरं काहीतरी. हे प्रकरण त्या दुसऱ्या गोष्टीचं आहे.

लस कशी बनली

१९०० साली हवानात वॉल्टर रीड यांच्या आयोगाने पीतज्वर डासामार्फत पसरतो हे सिद्ध केलं. क्युबाच्या कार्लोस फिन्ले यांनी हेच १८८१ मध्ये सांगितलं होतं आणि जवळपास वीस वर्षं लोकांनी ते हसण्यावारी नेलं होतं. डास मारून हवाना आणि पनामा साफ झाले, पण रोगाचा विषाणू हाती लागायला १९२७ साल उजाडलं. पश्चिम आफ्रिकेत काम करणाऱ्या रॉकफेलर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेच्या पथकाने गोल्ड कोस्टमधल्या, म्हणजे आजच्या घानातल्या असिबी नावाच्या रुग्णाचं रक्त एका माकडाला टोचलं आणि माकड पीतज्वराने आजारी पडलं. ते माकड आफ्रिकेतलं नव्हतं. आफ्रिकेतली माकडं या रोगाला फारशी दाद देत नाहीत, म्हणून आशियातली मागवली होती आणि त्यांत आपलं लाल तोंडाचं ऱ्हीसस माकड होतं. ज्या देशात पीतज्वर कधी आला नाही, त्या देशातल्या माकडाने हा विषाणू पकडून दिला. त्याच वर्षी पथकातले एड्रियन स्टोक्स पीतज्वराने लागोसला वारले. पुढच्या वर्षी अक्रामध्ये याच रोगावर काम करणारे हिदेयो नोगुची त्यानेच दगावले आणि त्यांच्या मागोमाग विल्यम यंग.

असिबीच्या रक्तातला हाच वाण न्यूयॉर्कच्या रॉकफेलर प्रयोगशाळेत मॅक्स थायलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं वाढवला, आधी उंदराच्या गर्भाच्या ऊतीत आणि मग कोंबडीच्या गर्भाच्या ऊतीत. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, पुन्हा तिसऱ्या भांड्यात, असं शंभराच्या घरात झाल्यावर विषाणूचा विखार गेला, पण शरीराला तो ओळखीचा राहिला. ही '१७ डी' लस. थायलर आणि ह्यू स्मिथ यांनी १९३७ मध्ये ती जाहीर केली. १९३८ या एका वर्षात ब्राझीलमध्ये ती दहा लाखांहून अधिक लोकांना टोचली गेली. आज मुंबईहून नैरोबीला निघालेला माणूस सरकारमान्य केंद्रावर जी लस घेऊन दाखल्याचं पिवळं पुस्तक खिशात टाकतो, ती याच १७ डी घराण्यातली असते.

आता मुद्द्याची गोष्ट. विषाणू वाढलेला कोंबडीचा गर्भ वाटून त्याचा रस गाळायचा आणि गोठवून वाळवायचा, की झाली लस. पण नुसत्या रसात हा विषाणू फार नाजूक असतो. गाळताना मरतो, वाळवताना मरतो, कुपीत राहूनही मरतो. त्याला प्रथिनांचं पांघरूण लागतं. म्हणून त्या रसात निरोगी माणसांच्या रक्तातलं सीरम घालायचे. साकळलेल्या रक्तावर जो पिवळसर द्रव सुटतो, ते हे सीरम. ते आधी ५६ अंशांवर तापवून घेत. सगळ्यांची नजर विषाणूवर होती: किती मेला, किती जगला, माकडाला किती बाधला. सीरमकडे लोक पाण्यासारखं बघायचे. लोणच्यात तेल असतं तसं ते होतं, लोणचं टिकवायचं आणि गप्प राहायचं.

आणि हे सीरम एका माणसाचं नसे. अनेक रक्तदात्यांचं एकत्र ओतून त्यातून एकेक बॅच निघे. बहुतेक दाते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले विद्यार्थी, शिकाऊ डॉक्टर, परिचारिका आणि प्रयोगशाळेत काम करणारे, म्हणजे तरुण, धडधाकट, शिकलेले लोक. त्यांच्यावर संशय घ्यावा असं वरून काही दिसत नव्हतं. एका दात्याच्या रक्तात काही असेल तर ते पूर्ण बॅचमध्ये आणि त्या बॅचच्या हजारो कुप्यांमध्ये जाणार, हे आज शाळकरी मुलगाही सांगेल. पण दिसायला निरोगी माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षं काविळीचा विषाणू राहू शकतो, हेच तेव्हा सिद्ध व्हायचं होतं.

आधी वाजलेल्या घंटा

हे प्रकरण 'कोणालाच ठाऊक नव्हतं' या सदरात टाकून मोकळं होता येत नाही, आणि मला ते म्हणूनच लिहावंसं वाटलं. घंटा वाजल्या होत्या, आणि एकापेक्षा जास्त वेळा.

सर्वांत जुनी १८८३ ची, जर्मनीतल्या ब्रेमेन बंदराची. जहाजबांधणीच्या कारखान्यात १२८९ कामगारांना देवीची लस टोचली. त्या काळी ही लस माणसाच्या अंगावरच्या देवीच्या फोडातल्या द्रवापासून करत. पुढच्या काही महिन्यांत त्यातल्या १९१ जणांना कावीळ झाली. ल्युर्मान नावाच्या डॉक्टरांनी ती नीट नोंदवून ठेवली. ज्यांना ती लस टोचली नव्हती, त्यांच्यात कावीळ दिसली नाही.

दुसरी घंटा लंडनची. १९३७ मध्ये जी. एम. फिंडले आणि एफ. ओ. मॅकॅलम यांनी लिहिलं की पीतज्वराची लस घेतलेल्यांत काही महिन्यांनी कावीळ दिसते आहे. (हे फिंडले वेगळे, क्युबाचे डासवाले फिन्ले वेगळे.) लशीसोबत टोचलेल्या मानवी सीरमकडे त्यांनी बोट दाखवलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये गोवरातून बऱ्या झालेल्या माणसांचं सीरम ज्या मुलांना दिलं होतं, त्यांच्यातही कावीळ निघाली.

तिसरी घंटा मात्र रॉकफेलरच्या स्वतःच्या घरातच वाजली. ब्राझीलमध्ये फाउंडेशनचीच शाखा लस बनवून टोचत होती, तिथल्या मोहिमेची सूत्रं फ्रेड सोपर यांच्याकडे होती आणि तिथेही लशीमागोमाग कावीळ येऊ लागली. एस्पिरितू सान्तू प्रांतात १९३९-४० मध्ये ती इतक्या ठळकपणे आली की जॉन फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून हिशेब लावला. कोणत्या बॅचची लस, कोणाला, कधी आणि मग कावीळ कधी. माग काढत काढत सगळं सीरमपाशी येऊन थांबत होतं. ब्राझीलने १९४० मध्ये मानवी सीरम बंद केलं. त्याशिवायही लस बनते, जरा कटकट वाढते इतकंच, असं त्यांनी करून दाखवलं.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. ब्राझीलचं तोंड पोळलं होतं. न्यूयॉर्कचं पोळायचं होतं.

न्यूयॉर्कने का बदललं नाही

न्यूयॉर्कला रॉकफेलर फाउंडेशनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य विभागाचे प्रमुख विल्बर सॉयर होते. पीतज्वराच्या लसीकरणात त्यांचं स्वतःचं काम मोठं. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला विषाणू आणि रोगमुक्त माणसाचं सीरम एकत्र टोचण्याची पद्धत त्यांनीच सहकाऱ्यांसह बसवली होती, म्हणजे लशीसोबत सीरम ही कल्पना त्यांच्या हातातून गेलेली होती. ब्राझीलचे अहवाल त्यांच्यापर्यंत पोचत होते. तरी अमेरिकी लष्करासाठी बनणाऱ्या लशीत सीरम तसंच राहिलं.

हे नंतर वाचताना रागच येतो. पण त्या वेळच्या खुर्चीत बसून पाहिलं तर तीन गोष्टी दिसतात.

पहिली, लस टिकायला हवी होती. लढाईच्या धामधुमीत ती जहाजांतून आणि विमानांतून जगाच्या दुसऱ्या टोकाला जाणार होती. सीरम घातलेली लस भरवशाची होती, बिनसीरमची नवी. दुसरी, ब्राझीलच्या काविळीला 'स्थानिक' कारणं शोधता येत होती. तिथे कावीळ एरवीही होते, गावात काय प्यायलं कोण जाणे, अशा पळवाटा सापडतात, आणि सीरममध्ये नेमकं काय आहे हे कोणी सूक्ष्मदर्शकाखाली दाखवू शकत नव्हतं. सीरममधला तो काविळीचा विषाणू, ज्याला आज आपण हिपॅटायटिस बीचा म्हणतो, कोणी पाहिलाच नव्हता. तिसरी गोष्ट मला सर्वांत घातक वाटते. लस आणि कावीळ यांच्यात तीन-तीन महिन्यांचं अंतर होतं. आज टोचलेल्या बॅचचा गुण-अवगुण कळेपर्यंत आणखी कित्येक बॅचेस बनून, वाटून आणि टोचून झालेल्या असत. पक्का पुरावा आल्यावर थांबू असं म्हणणारा माणूस या रोगात नेहमीच तीन महिने उशिरा पोचणार.

यावर भीतीची भर पडली. फेब्रुवारी १९३९ मध्ये र्योइची नाइतो नावाचे जपानी लष्करी डॉक्टर न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेत आले आणि त्यांनी पीतज्वराचा विषाणू मागितला. आशियात हा विषाणू नेऊ नये असं ठरलेलं असल्यामुळे नकार मिळाला. काही दिवसांत एका अनोळखी माणसाने प्रयोगशाळेतल्या कर्मचाऱ्याला रस्त्यात गाठून विषाणूसाठी हजारो डॉलर देऊ केले. शत्रू पीतज्वर शस्त्र म्हणून वापरेल ही कल्पना त्यानंतर कोणी हसण्यावारी नेली नाही. पर्ल हार्बरनंतर तर नाहीच.

भारताचाही यात एक दोरा आहे. पीतज्वराचा डास, एडिस इजिप्ती, आपल्याकडे मुबलक आहे, डेंग्यूने तो घरोघरी ओळखीचा केलाय. लोकांच्या अंगात या रोगाची प्रतिकारशक्ती नाही. फक्त विषाणू तेवढा आलेला नाही. म्हणून आफ्रिकेतून विमानाने येणाऱ्यांबाबत भारत सरकार तेव्हाही कडक होतं आणि आजही आहे: पीतज्वराच्या देशातून लशीच्या दाखल्याशिवाय उतरलात तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. आफ्रिका ओलांडून भारताकडे येणाऱ्या अमेरिकी वैमानिकांना आणि जवानांना लस टाळता येण्यासारखी नव्हती.

थोडक्यात, लस हवी होती, भरपूर हवी होती आणि ताबडतोब हवी होती. रॉकफेलर ती लष्कराला फुकट देत होतं. १९४१ मध्ये उष्ण कटिबंधात जाणाऱ्यांपासून सुरुवात झाली आणि १९४२ उजाडेपर्यंत ती लाखोंच्या दंडात गेली होती.

उकल

छावण्यांत साथ दिसल्यावर तपास झपाट्याने झाला, हे मान्य करायला हवं. कॅलिफोर्नियात कार्ल मायर यांच्यासारखे पट्टीचे साथरोगतज्ज्ञ कामाला लागले. कोणाला कोणत्या तारखेला कोणत्या बॅचची लस टोचली, याच्या नोंदी लष्कराकडे होत्या. कावीळ झालेल्यांच्या याद्या त्या नोंदींशेजारी ठेवल्या तेव्हा ठरावीक काही बॅचेसची नावं पुन्हा पुन्हा येऊ लागली. काही बॅचेसनी पलटणी आडव्या केल्या होत्या, काहींनी एकालाही त्रास दिला नव्हता. शेजारशेजारच्या दोन तुकड्यांतलं कोडं इथे सुटलं: दोघांच्या कुप्या वेगळ्या होत्या. नंतर सीरम देणाऱ्या दात्यांचा माग काढला, तर त्यांतल्या काहींना पूर्वी कावीळ होऊन गेल्याचं निघालं.

१५ एप्रिल १९४२ ला लष्कराच्या सर्जन जनरलच्या कार्यालयाने सीरमवाली लस थांबवली. पर्याय तयार होता, आणि तो ब्राझीलच्याच शिकवणीतून आलेला. माँटाना राज्यातल्या हॅमिल्टन गावी अमेरिकी सार्वजनिक आरोग्य सेवेच्या प्रयोगशाळेत मेसन हार्गेट बिनसीरमची, नुसत्या पाण्यावर बेतलेली लस बनवत होते. रॉकफेलरनेही सीरम सोडलं.

पण तीन महिन्यांचा हिशेब इथेही चुकला नाही. एप्रिलच्या सुरुवातीला ज्यांना टोचली होती, त्यांची कावीळ जून-जुलैत येणार होती आणि तशी ती आली. जुलैच्या अखेरीस युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांनी आकडा जाहीर केला: साडेअठ्ठावीस हजारांच्या आसपास रुग्ण आणि ६२ मृत्यू. वर्षअखेरीपर्यंत इस्पितळात दाखल झालेल्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरात गेली. ब्रह्मदेशातून माघार घेत जंगलातून पायी मणिपूर गाठणारे अमेरिकी जनरल जोसेफ स्टिलवेल भारतात पोचल्यावर काविळीने आजारी पडले, ती कावीळही या लशीच्याच खात्यावर मांडली जाते.

त्या युद्धात अमेरिकी लष्करात पीतज्वराचा एकही रुग्ण नोंदला गेला नाही. तेव्हा लस फसली असं म्हणता येणार नाही. तिने आपलं काम चोख केलं आणि सोबत दुसरंही केलं.

परळची आठवण

लशीच्या कुपीतून भलताच रोग जाण्याचं आपल्याकडचं जुनं उदाहरण मुलकोवालचं. १९०२ मध्ये पंजाबातल्या या गावी परळच्या प्रयोगशाळेत बनलेली प्लेगची लस टोचल्यावर १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ती सगळी एकाच बाटलीतली. ठपका ही लस बनवणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पदावरून बाजूला केलं आणि निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडलं. बाटली मुंबईत नव्हे, तर गावात उघडताना दूषित झाली असावी, असं दिसून आलं होतं. पुढे त्याच परळच्या संस्थेला हाफकिन यांचं नाव दिलं गेलं.

मुलकोवालमध्ये बनवणारा बरोबर होता आणि शिक्षा त्याला झाली. १९४२ मध्ये दोष बनवण्याच्या जागीच होता, पण खटला कोणावरच उभा राहिला नाही. लढाई चालू होती, लस फुकटात मिळालेली होती, आणि ज्यांच्याकडे बोट दाखवायचं त्यांनीच आयुष्य पीतज्वराविरुद्ध घालवलं होतं. १९५१ चं नोबेल एकट्या थायलर यांना मिळालं. सॉयर त्याच वर्षी वारले.

मागाहून

लशीच्या कारखानदारीत दोन बदल पक्के झाले. मानवी सीरम कायमचं गेलं. आणि बियाण्याची पद्धत आली. ब्राझीलमध्ये १९४१ च्या सुमारास १७ डीच्या एका उपवाणामुळे मेंदूज्वराचे रुग्ण निघाले होते, कारण विषाणू एका भांड्यातून दुसऱ्यात नेत राहिलं की तो हळूहळू बदलतो. त्यामुळे एक मूळ साठा गोठवून ठेवायचा आणि दर वेळी त्यापासून ठरावीक पायऱ्यांच्या आतच लस बनवायची, असं ठरलं. शेतकरी संकरित बियाणं दर हंगामाला नवं घेतो, घरचं पुढे वापरत नाही, त्यातलाच हा प्रकार.

काविळीच्या अभ्यासाला मात्र या दुर्घटनेने अनपेक्षित बळ मिळालं. पाण्या-अन्नातून होणारी कावीळ वेगळी आणि रक्तातून होणारी वेगळी, हे आता नाकारता येईना. लंडनच्या त्याच मॅकॅलम यांनी १९४७ मध्ये त्यांना 'ए' आणि 'बी' ही नावं सुचवली. १९६० च्या दशकात बारुख ब्लुंबर्ग यांना एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात एक अनोळखी प्रथिन सापडलं, ते 'बी'च्या विषाणूचं निघालं आणि रक्ताची तपासणी शक्य झाली. नवजात बाळाला आज जी हिपॅटायटिस बीची लस देतात, तिचा धागा इथून निघतो.

ती तपासणी हाती आल्यावर कोणाला तरी १९४२ ची आठवण होणारच होती. लिओनार्ड सीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळीसेक वर्षांनी त्या काळच्या सैनिकांना शोधून काढलं. तेव्हा ते म्हातारे झाले होते. तीन गट केले: लस घेऊन कावीळ झालेले, तीच लस घेऊनही काही न झालेले, आणि नंतरची बिनसीरमची लस घेतलेले. अभ्यास १९८७ मध्ये छापून आला. कावीळ झालेल्यांपैकी जवळजवळ सगळ्यांच्या, ९७.७ टक्क्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बीच्या प्रतिपिंडांची, म्हणजे लागण होऊन गेल्याची खूण सापडली. बिनसीरमची लस घेतलेल्यांत ती १३ टक्के होती. काविळीचा विषाणू त्यांच्यात कायम घर करून बसल्याचं मात्र जवळजवळ दिसलंच नाही, तपासलेल्यांत तसा एकच वाहक निघाला. धडधाकट तरुण वयात लागण झाली की शरीर बहुधा हा विषाणू निपटून काढतं.

मधल्या गटाचा आकडा ७६.५ टक्के निघाला. दर चारांतल्या तिघांना लागण होऊन गेली होती आणि डोळे कधी पिवळे झालेच नव्हते. त्यावरून हिशेब मांडला तेव्हा लागण झालेल्यांची संख्या पन्नास हजार नव्हे, तर ३ लाख ३० हजारांच्या आसपास भरली.